पदवीचा लघुप्रबंध करताना कामाचा क्रम कसा लावाल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दारात कुणीतरी उभं असतंच. हातात दीडशे भरलेल्या प्रश्नावल्या, नाहीतर चाळीस बाटल्यांच्या नोंदी, नाहीतर फोनमध्ये अकरा तासांचं ध्वनिमुद्रण. आणि विचारणं एकच: "मॅडम, आता ह्यातून काय काढायचं?" मेहनत खरी असते, उन्हातान्हात फिरून केलेली असते. पण आधी सामग्री गोळा झालेली असते आणि मग प्रश्नाचा शोध सुरू होतो. वरातीमागून घोडं. तेव्हा फारसं काही वाचवता येत नाही, आणि हे मुलांना सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तीच मेहनत नीट क्रमाने झाली असती तर चांगलं काम उभं राहिलं असतं.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तिसऱ्या वर्षाचा छोटा प्रोजेक्ट असो की चौथ्या वर्षाचा 'संशोधनासह ऑनर्स'चा लघुप्रबंध, टप्पे तेच राहतात. (चौथ्या वर्षाचा मार्ग घेणाऱ्यांनी आधीच बघून ठेवा: यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट असतात.) तीन उदाहरणं मी शेवटपर्यंत सोबत ठेवणार आहे: खाजनातलं (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीतलं) पाणी, धालोची (गोव्यातल्या बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाची) गीतं आणि जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, ह्यावरच्या मतदानाच्या) वेळची मराठी दैनिकं. एक विज्ञानाचं, एक लोकसाहित्याचं, एक इतिहासाचं. तुमचा विषय ह्यांपैकी कुठल्या तरी एकाच्या जवळ बसेल.

१. विषयाचा प्रश्न करा

'गोव्यातील खाजन शेतीवर हवामानबदलाचा परिणाम' हा विषय झाला. आठ महिन्यांत हवामानबदल मोजता येत नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. त्याच खाजनाच्या बांधावर उभं राहून मात्र हे विचारता येतं: मानशीपासून (बांधातल्या पाण्याच्या दारापासून) आत जाताना, भरतीला आणि ओहोटीला, चरातल्या पाण्याची क्षारता किती बदलते? ह्याचं उत्तर एका तक्त्यात मावतं.

'गोमंतकीय लोकगीतांतील स्त्रीजीवन' हाही विषयच. त्याऐवजी: एका वाड्याच्या मांडावर (धालो खेळायच्या ठरलेल्या जागेवर) ह्या वर्षी म्हटल्या गेलेल्या धालो गीतांपैकी माहेराचा उल्लेख किती गीतांत येतो, आणि ती गीतं रात्रीच्या कुठल्या टप्प्यावर म्हणतात?

'जनमत कौल आणि मराठी वृत्तपत्रे' ह्याचं असं करता येईल: १६ जानेवारी १९६७ च्या मतदानाआधीच्या महिन्यात विलीनीकरणाच्या बाजूचा 'गोमन्तक' आणि विरोधातला 'राष्ट्रमत', ह्या दोन मराठी दैनिकांच्या अग्रलेखांत भाषेचा मुद्दा किती वेळा आला आणि कुठल्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून आला?

तिन्ही प्रश्नांत जागा ठरलेली आहे, काळ ठरलेला आहे आणि काय मोजायचं किंवा काय टिपायचं हेही ठरलेलं आहे. ह्यातलं एक जरी सुटलं तरी काम पसरत जातं.

प्रश्न जमला की नाही हे ओळखायची माझी खूण सांगते. कागदावर दोन वेगळी उत्तरं लिहून बघा, दोन्ही खरी ठरू शकतील अशी. क्षारता आत जाताना घटेल, किंवा आतल्या साठलेल्या पाण्यात बाष्पीभवनामुळे वाढेलही. दोन्ही शक्य आहेत, म्हणजे शोधण्यासारखं काही आहे. 'धालोचं सांस्कृतिक महत्त्व' ह्याला दुसरं उत्तर सुचतं का? महत्त्व नाही, असं कोण लिहिणार? एकच उत्तर शक्य असेल तर तिथे संशोधन नाही, निबंध आहे. शीर्षकात 'महत्त्व', 'योगदान', 'एक आकलन', 'चिकित्सक अभ्यास' असे शब्द आले की जरा थांबून आत प्रश्न आहे का ते बघा.

सावध: विषय छोटा केला तर गुण कमी पडतील अशी भीती मुलांना असते. परीक्षक उलटं बघतात. संपूर्ण गोव्यावर विधान करणाऱ्या प्रबंधात ते पहिल्यांदा नमुना किती होता ते शोधतात, आणि तिथेच गुण जातात.

२. पंचांग पुढ्यात घ्या

गोव्यात सर्वात जास्त प्रोजेक्ट ह्याच टप्प्यावर फसतात, आणि फसल्याचं कळतं ते सहा महिन्यांनी.

सबमिशन १५ एप्रिल धरू आणि मागे मागे येऊ. छपाई, बाइंडिंग आणि शेवटची तपासणी यांना दहा दिवस. गाईडच्या दुरुस्त्यांना तीन आठवडे, कारण त्यांच्याकडेही आणखी मुलं असतात. म्हणजे पहिला पूर्ण खर्डा १५ मार्चला हातात हवा. लिहायला सहा आठवडे लागतात. म्हणून सामग्री गोळा करण्याचं काम जानेवारीअखेर संपलंच पाहिजे. आता ह्या चौकटीत तुमचा विषय बसतो का ते बघा.

धालो पौषात होतात, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. किती रात्री, ते गावागणिक वेगळं. जेमतेम बसतं, पण संधी एकदाच मिळते. त्या आठवड्यात ताप आला किंवा रेकॉर्डर बिघडला तर पुढचा पौष पदवी हातात पडल्यावर येईल. शिगमो (गोव्यातला शिमगा) फाल्गुनात, म्हणजे बहुधा मार्चमध्ये. तो बसतच नाही. शिगम्यावर काम करायचं असेल तर आदल्या वर्षीच्या शिगम्याला नोंदी करून ठेवायला हव्यात. मिठागरांचंही तेच: पावसानंतर आगराची डागडुजी होते आणि मीठ निघतं ते उन्हाळ्यात. आगरवाडा किंवा रायबंदरच्या मिठागरावर काम करणाऱ्याने आधीच्या वर्षीचा मार्च-एप्रिल वापरला नाही, तर मीठच न बघता मिठागरावर लिहायची वेळ येते.

सड्यावरची पावसाळी फुलं ऑगस्ट-सप्टेंबरची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरवरच्या मासळीचे नमुने त्या काळात मिळणार नाहीत. पण नेमक्या त्याच दिवसांत ट्रॉलरवाले जाळी दुरुस्त करत किनाऱ्यावर बसलेले असतात, तेव्हा मुलाखतीला ह्यासारखा काळ नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात कुणाच्याही घरी मुलाखत ठरवू नका. ओळख मात्र जरूर करून घ्या, कारण बाहेरगावी असलेली माणसं त्या दिवसांत घरी असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी तेच तुमची गाठ घालून देतात.

तपासा: प्रत्यक्ष सामग्री मिळण्याचे दिवस एका कागदावर लिहा. ते दहा दिवसांपेक्षा कमी भरत असतील तर आजच पर्यायी प्रश्न ठरवून ठेवा.

३. दोन आठवडे नुसती चाचपणी

सिनॉप्सिस (नियोजित कामाचा आराखडा) देण्याआधी सामग्री खरंच हाताला लागते का ते जाऊन बघा. फोनवर विचारून भागत नाही.

दैनिकांचं काम असेल तर पाटो, पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन डिसेंबर १९६६ चे अंक मागा. आहेत का, किती आहेत, पानं वाचता येण्याजोगी आहेत का, फोटो काढू देतात का. ही चार उत्तरं वहीत आली की मगच पुढे.

पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे जायचं मनात असेल तर आधी स्वतःला विचारा: कागद कुठल्या भाषेत आहेत आणि कुठल्या लिपीत? तिथला फार मोठा भाग पोर्तुगीजमध्ये आहे, हस्तलिखित आहे, आणि जुनं वळण छापील पोर्तुगीज येणाऱ्यालाही चटकन लागत नाही. मोडी यायला काही महिन्यांचा सराव लागतो. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईन म्हणणाऱ्या मुलांना मी स्पष्ट नाही म्हणते. जो कागद तुम्हाला वाचता येत नाही, त्यावर व्हायवात (तोंडी परीक्षेत) तुम्ही एकाही प्रश्नाला उभे राहू शकणार नाही. त्याऐवजी छापील मराठी साधनांवर प्रश्न बेता, भरपूर आहेत.

खाजनात जायचं तर एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला जाऊन या. बांधावरून चालत कुठपर्यंत पोचता येतं, चिखल किती आहे, मानस कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. ज्याने तो घेतला आहे त्याला पाणी कधी आत येतं, कधी बाहेर जातं हे पाठ असतं. त्याच्याशी अर्धा तास बोललात तर तुमची नमुने घेण्याची वेळ आपोआप ठरेल.

गाईड ह्यानंतर. मोकळ्या हाताने "सर, काहीतरी विषय द्या ना" म्हणत गेलात तर सरांच्या कपाटातला जुना विषय मिळतो. एक प्रश्न, त्याचं कॅलेंडर आणि चाचपणीच्या नोंदी घेऊन गेलात तर पहिल्याच भेटीत खरं काम सुरू होतं. दर भेटीनंतर काय ठरलं ते चार ओळींत लिहून त्याच दिवशी त्यांना ईमेल करा. मार्चमध्ये "मी असं कधी सांगितलं?" हा प्रसंग त्याने टळतो, दोघांचाही.

४. वाचन: थोडं, पण नोंदींसकट

पदवीच्या पातळीला पंधरा-वीस साधनं नीट वाचलीत तर पुष्कळ झालं. इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतलेही. ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय आणि पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र ही घराजवळची ठिकाणं. खाडी आणि समुद्राशी संबंध येत असेल तर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे मांडवी-जुवारीवरचे लेख आधी वाचा. मग बाहेरचं.

प्रत्येक साधनाचं एक कार्ड करा: त्यांचा प्रश्न काय होता, नमुना किती, पद्धत कुठली, निष्कर्ष काय, आणि कुठल्या पानावर. पान क्रमांक आत्ता लिहिला नाही तर एप्रिलमध्ये एकेका अवतरणासाठी पुन्हा पणजीला जावं लागतं.

गोव्यात शोधताना एक अडचण खास आपली आहे. गावांची नावं दोन-तीन रूपांत येतात. डिचोली शोधणाऱ्याला 'बिचोलिम' माहीत हवं, साखळीला 'सांकेलिम', केप्याला 'केपेम', साष्टीला 'साल्सेत'. तिसवाडी जुन्या पोर्तुगीज कागदांत 'इल्हास' म्हणून येते. एकाच रूपाने शोधून "ह्या गावावर काहीच काम झालेलं नाही" असं वाक्य लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत. ते वाक्य खोडायला परीक्षकाला दोन मिनिटंही लागत नाहीत. तारखांचंही तसंच: शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात.

सावध: एआयकडून मिळालेली संदर्भसूची प्रबंधात घालू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेखच कधी छापला गेला नाही, असं सर्रास होतं. जे स्वतः उघडून वाचलं नाही ते सूचीत येता कामा नये.

५. परवानग्या: सर्वात आधी अर्ज, सर्वात उशिरा उत्तर

अभयारण्यात पाय ठेवायचा असेल, मग तो म्हादई असो, खोतीगाव असो की चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी परवाना लागतो आणि तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येतो. 'कॉलेजचं पत्र आहे' एवढ्यावर पान तोडणंही चालत नाही. पत्रव्यवहाराला वेळ जातो, म्हणून सिनॉप्सिस मंजूर झाल्याच्या आठवड्यातच अर्ज करा. अभयारण्याबाहेरच्या खारफुटीत त्याच प्रश्नाचं उत्तर मिळत असेल तर माझा सल्ला, तिथेच करा.

खाजनासाठी शेतकऱ्यांची कूळ संघटना आणि कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), दोघांनाही विचारा. शाळेतल्या मुलांशी बोलायचं असेल तर मुख्याध्यापक आणि पालक, दोघांची लेखी संमती हवी.

धालोच्या मांडावरची परवानगी कागदावर मिळत नाही. वाड्यावरच्या मानाच्या बायकांना आधी भेटा. चपला कुठे काढायच्या, मोबाईलने व्हिडिओ चालेल का, मुलग्याने तिथे थांबलेलं चालेल का, हे त्या सांगतील, आणि त्या जे सांगतील तेच शेवटचं. ध्वनिमुद्रण करायला 'नाही' म्हणाल्या तर हाताने टिपून घ्या. 'नाही' म्हटल्यावर लपवून रेकॉर्ड केलेलं गीत प्रबंधात घालणारा विद्यार्थी पुढच्या दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी तो वाडा बंद करतो.

६. रिकामा तक्ता आणि रंगीत तालीम

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. मला मात्र एकच टप्पा सक्तीचा करायची मुभा मिळाली तर मी हाच निवडेन.

सामग्री गोळा करायला निघण्याआधी निष्कर्षांचे तक्ते काढा, रिकामे. खाजनासाठी आडव्या ओळीत मानशीपासूनचं अंतर, उभ्या रकान्यांत भरती आणि ओहोटी. धालोसाठी गीताचा पहिला चरण, रात्र कितवी, म्हणण्याचा क्रम, माहेराचा उल्लेख आहे की नाही, कुणी म्हटलं. दैनिकांसाठी तारीख, दैनिक, अग्रलेखाचं शीर्षक, भाषेचा उल्लेख, सोबतचा मुद्दा. आता तक्ता समोर ठेवून विचारा: हे सगळे रकाने भरले, तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल का? नसेल मिळत तर एक रकाना कमी आहे. एखाद्या रकान्याचा उत्तराशी संबंधच येत नसेल तर तो जास्तीचा आहे, काढून टाका. दीडशे प्रश्नावल्या घेऊन आलेल्या मुलीने हे जूनमध्ये केलं असतं तर तिला एप्रिलमध्ये माझ्याकडे यावं लागलं नसतं.

मग रंगीत तालीम. पाच बाटल्या, एक मुलाखत, एका आठवड्याचे अंक. बस्स. आणि त्या थोडक्याच सामग्रीवर तक्ता भरण्यापर्यंत सगळं काम पूर्ण करा. इथेच कळतं की बॉलपेनने लिहिलेलं लेबल खाडीच्या पाण्यात पुसलं जातं आणि पेन्सिलचं टिकतं. तासाभराचं मुद्रण उतरवायला चार-सहा तास जातात, म्हणून वीस मुलाखतींचा बेत आठवर आणावा लागतो. 'भाषेचा उल्लेख' म्हणजे नक्की काय धरायचं हे ठरलेलंच नव्हतं, हेही इथेच ध्यानात येतं. शाळांच्या माध्यमाबद्दलचं वाक्य धरायचं की नाही? व्याख्या लिहा, गाईडला दाखवा, आणि पुढे ती बदलू नका.

तपासा: तालमीनंतर प्रश्नावलीत किंवा तक्त्यात एकही बदल करावासा वाटला नाही, तर तालीम बहुधा मनापासून झालेली नाही. पुन्हा करा.

७. सामग्री गोळा करणं

पाण्यावर काम करणाऱ्यांसाठी. एका खाजनातल्या तीस बाटल्या म्हणजे तीस खाजनं नव्हेत, ते एकच खाजन तीसदा मोजणं आहे. त्यावरून 'बारदेशातील खाजनं' असं लिहिता येत नाही. तुलना करायची तर दोन्ही जागी भरतीची अवस्था तीच हवी. एक जागा सकाळी भरतीला आणि दुसरी दुपारी ओहोटीला मोजली तर जो फरक दिसतो तो चंद्राचा असतो. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या येतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा 'रोज सकाळी ९ वाजता' हा नियम इथे घातक आहे. भरतीचं वेळापत्रक मुरगाव बंदराचं असतं. खाडीत आत जाल तसा उशीर होत जातो, म्हणून प्रत्यक्ष काठीवर पाण्याची पातळी बघून वेळ लिहा.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) दर फेरीआधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा. पीएच मीटर दोन बफरवर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर) तपासून घ्या आणि वाचन जागेवरच करा. विद्राव्य प्राणवायू विंकलर पद्धतीने काढणार असाल तर दोन्ही रसायनं काठावरच घालून नमुना स्थिर करायचा असतो. बाटली बसमधून कॉलेजात आणून मग रसायन घातलंत तर तोवर त्यातला प्राणवायू बदललेला असतो. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जिवाणू तपासायचे असतील तर उलट, निर्जंतुक केलेली बाटली विसळायची नाही.

जुन्या अंकांवर काम करणाऱ्यांसाठी. सापडलेलं जसं लिहिता तसंच न सापडलेलंही लिहा. 'अंक उपलब्ध नाही' आणि 'अंक पाहिला, उल्लेख नाही' ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींसाठी रकाना कोरा सोडलात तर शेवटी मोजणीच कोसळते. फोटो काढताना पहिला फोटो अंकाच्या डोक्याचा, तारखेसकट, मग लेखाचा. नुसत्या लेखाचा फोटो महिन्याभराने निरुपयोगी ठरतो. अभिलेखागारात पेन्सिलच न्या, आणि प्रत्येक कागदाचा ग्रंथ क्रमांक व पत्र क्रमांक उतरवून घ्या.

माणसांशी बोलणाऱ्यांसाठी. सुरुवातीलाच, मुद्रण चालू करून, तुम्ही कोण, कशासाठी विचारता, नाव वापरू का, हे सांगा आणि त्यांचं उत्तर मुद्रणात येऊ द्या. पहिल्या प्रश्नात तुमचं उत्तर दडलेलं नको. "पूर्वी धालो जास्त चांगले व्हायचे ना?" असं विचारलंत तर समोरची आजी तुमचं मन राखायला होच म्हणेल. "तुम्ही पहिल्यांदा मांडावर गेलात तेव्हाचं सांगा" म्हणा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं शिकावं लागतं. बहुतेक मुद्रणांत मला मुलांचाच आवाज जास्त ऐकू येतो.

भाषेची एक गोष्ट मनावर घ्या. आजी कोकणीत बोलेल, गीत कोकणी आणि मराठी दोन्हींत सरमिसळ करत येईल, आणि तुमचा प्रबंध मराठीत असेल. गीत 'शुद्ध' करू नका. जसं कानावर आलं तसं देवनागरीत उतरवा, खाली मराठी अर्थ द्या. एका विद्यार्थ्याने सगळे शब्द प्रमाण मराठीत बदलून आणले होते आणि मग त्यांच्याच भाषेवर एक प्रकरण लिहिलं होतं. त्यात गायिकांचं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं.

गूगल फॉर्म वापरणाऱ्यांसाठी. तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला असेल तर तुमची सामग्री 'आमच्या कॉलेजचे विद्यार्थी' आहे, 'गोव्यातील युवक' नाही. शीर्षक तसंच ठेवा, मग काही बिघडत नाही.

रोज संध्याकाळी, झोपण्याआधी: नोंदी उतरवा, फाइलला तारीख-जागा-क्रमांक असं नाव द्या, आणि तीन ठिकाणी प्रती ठेवा. फोन ही एक जागा, ड्राइव्ह दुसरी, घरातला पेनड्राइव्ह तिसरी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं.

८. अर्थ लावणं

तक्ता आधीच असेल तर हा टप्पा छोटा असतो. तो भरा आणि बघा.

आकड्यांत सरासरीसोबत पसारा द्या, म्हणजे प्रमाण विचलन. हातातला रिफ्रॅक्टोमीटर एकेका हजारांश भागापर्यंतच वाचतो, मग सरासरी १८.४२८५७ लिहिण्यात अर्थ नाही. न पटणारं वाचन खोडू नका. त्या दिवशी पाऊस होता का, मानस उघडी राहिली होती का ते नोंदवहीत बघा आणि कारणासकट लिहा. अपेक्षेविरुद्ध उत्तर आलं तर घाबरू नका. पहिल्या टप्प्यात दोन उत्तरं लिहिली होती, त्यांतलं एक खरं ठरलं, एवढंच.

शब्दांच्या सामग्रीत तुमच्या मताला सोयीच्या चार ओळी निवडणं ही नेहमीची चूक. 'माहेर' असलेली गीतं सांगताना नसलेली किती तेही त्याच वाक्यात सांगा.

९. लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा

आधी पद्धतीचं प्रकरण. ते रंगीत तालमीनंतर लगेच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लिहून होतं, कारण काय केलं ते ताजं असतं. मग निष्कर्षांचे तक्ते आणि त्यांखालचं वर्णन. मग चर्चा. मग पूर्वसंशोधन, कारण आता कळलेलं असतं की वीसांपैकी कुठली साधनं खरोखर कामाची ठरली. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारी मुलं गोव्याचा परशुरामापासूनचा इतिहास वीस पानं लिहितात आणि स्वतःच्या कामापर्यंत पोचतात तेव्हा मार्च संपलेला असतो.

पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरं विस्कटतात, शोधता येत नाही आणि साम्य तपासणीत (नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काहीच्या काही येतं. संदर्भांसाठी झोटेरो मोफत आहे आणि देवनागरी नावं सांभाळतं. संदर्भाची शैली विभाग सांगेल ती, फक्त एकच ठेवा.

१०. साम्य तपासणी आणि व्हायवा

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर असे चढते स्तर आहेत. अवतरणचिन्हांत संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची मोजत नाहीत. मराठी मजकुरातली नक्कल सॉफ्टवेअरला कमी सापडते, हे मुलांना ठाऊक आहे. पण त्या विषयावर मराठीत लिहिणारी माणसं मोजकी आहेत, आणि तुमचे परीक्षक बहुधा त्यांतलेच असतात.

व्हायवाला जाताना बांधलेल्या प्रतीसोबत मूळ नोंदवही न्या, चिखलाचे डाग पडलेली असेल तरी तशीच. तीन प्रश्न जवळपास नक्की येतात: हीच जागा का, नमुना एवढाच का, आणि पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल. तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असं देऊ नका. कुठे कमी पडलं ते तुमच्या मर्यादांच्या पानावर लिहिलेलं असेल, तेच मोकळेपणाने सांगा. उत्तर माहीत नसेल तर नोंदवही उघडून बघायला परवानगी मागा, बहुतेक परीक्षक देतात.

प्रती छापायला देतानाच दोन जादा सांगा. एक कॉलेजच्या ग्रंथालयाला. दुसरी ज्या वाड्यावर, बांधावर किंवा घरात तुम्ही महिनोन् महिने गेलात तिथे, गीतांच्या मुद्रणासकट, स्वतः नेऊन द्या. वाचता न येणाऱ्या आजीला तिच्या नावाचं पान उघडून वाचून दाखवा, आणि काही चुकलं असं ती म्हणाली तर ते कॉलेजच्या प्रतीतही दुरुस्त करून घ्या.